सुट्टीच्या वर्गात चित्रकला आणि ख्रिस्ती मूल्यशिक्षण: दोन्ही नीट व्हावं म्हणून तुम्ही काय करता?

नेवासेकरीण

सर्वांना सलाम.

मी नेवासे तालुक्यातली. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) दर मे महिन्यात मुलांचा सुट्टीचा वर्ग असतो. सकाळी आठ ते साडेदहा, ऊन चढायच्या आत मुलं घरी. गाणी आणि गोष्ट दुसऱ्या ताई घेतात. शेवटचा तास चित्रकलेचा, तो यंदा माझ्याकडे आलाय. मी शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्या होत्या, ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) केलेलं नाही. पण चित्रकला माझ्या जिवाभावाची आहे, त्यामुळे हा तास मला उरकून टाकायचा नाही.

पाळकसाहेबांनी आणि पंच कमिटीने विषय ठरवून दिलाय: गलतीकरांस पत्र, अध्याय 5, आत्म्याचे फळ. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. रोज एक सद्गुण, त्याचं बायबलमधलं एक वचन पाठ आणि त्यावर एक चित्र. विषय मला फार आवडलाय. गाडी अडते ती चित्रापाशी.

आजवर असं चालत आलंय की नेटवरून आउटलाइन काढायची, झेरॉक्स करायची, खाली वचन लिहायचं आणि मुलांना रंगवायला द्यायची. मागच्या वर्षी मी मदतनीस म्हणून बसले होते. सातवीतला एक मुलगा पाच मिनिटांत रंगवून उठला आणि म्हणाला, "बाई, झालं. आता काय करू?" त्याच्या शेजारी पहिलीतली मुलगी मात्र तासभर मेंढराच्या एकाच पायावर खडू घासत होती, कारण रेघेच्या बाहेर रंग गेला की मोठी मुलं हसायची. दोघांच्या हातात कागद तोच. एकाला तो फार सोपा, एकीला धाक वाटावा असा. आणि दोघांनाही सहनशीलतेबद्दल त्यातून काय मिळालं, हे मला आजही सांगता येणार नाही.

मुलं सहा ते तेरा वर्षांची आहेत. वस्तीवरची काही ख्रिस्ती नसलेली मुलंही येतात, त्यांच्या आया विश्वासाने पाठवतात. एका घरातून निरोप आलाय की येशूचा चेहरा काढायला लावू नका, आमच्यात ते मानत नाहीत. सामानाचं म्हणाल तर मेणखडू, पोस्टर कलरच्या थोड्या बाटल्या आणि ड्रॉइंगचे कागद एवढं मिळेल. ब्रश सगळ्यांना पुरणार नाहीत.

मला दोन्ही गोष्टी हव्यात. मुलाला खरंच चित्र काढता यायला हवं आणि वचन त्याच्या मनात उतरायला हवं. एकीसाठी दुसरीचा बळी द्यायचा नाही. ज्यांनी असे वर्ग घेतलेत त्यांनी प्लीज अनुभव सांगा.

खडूफळा

ताई, सलाम. मी राहुरीकडचा. हायस्कुलात चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. आमच्या मंडळीतल्या शब्बाथ शाळेत (मुलांच्या बायबलच्या वर्गात) अजून मुलं घेऊन बसतो. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण "दोन्ही नीट" असं म्हणणारं माणूस क्वचित भेटतं. थोडं लांबण लागेल, वाचून घ्या.

आधी झेरॉक्सचं. तो गठ्ठा यंदा काढूच नका. तयार आउटलाइनमध्ये पाहण्याचं सगळं काम दुसऱ्याच कोणीतरी उरकलेलं असतं, मुलाच्या वाट्याला नुसतं भरणं उरतं. काही दिवस असं झालं की ते मूल कोरा कागद पुढे सरकवून म्हणतं, "मला येत नाही, तुम्ही काढून द्या." हे वाक्य मी पाचवीत नव्याने आलेल्या मुलांकडून इतकं ऐकलंय की माझा त्या कागदांवर राग आहे, तो मी लपवणार नाही. लहान मुलांच्या हाताला वळण लागावं म्हणून रंगवायला द्या असं कोणी म्हणेल, तर त्यासाठी मोठा कोरा कागद आणि जाड मेणखडू पुरेसा आहे.

आता मुख्य गोष्ट. सहनशीलतेचं चित्र काढता येत नाही, सहनशीलतेने चित्र काढता येतं. कमिटीने सद्गुण दिलाय म्हणून तो कागदावर दिसलाच पाहिजे असा हट्ट धरू नका. तो धरला की हात जोडलेली मुलगी, हसणारा सूर्य आणि बदामाचा आकार, याच्या पुढे कोणी जात नाही. सद्गुण मुलाच्या बसण्यात, पाहण्यात आणि शेजाऱ्याशी वागण्यात येऊ द्या. चित्रकलेच्या तासात त्याला इतकी जागा असते की वेगळा उपदेश करायची गरज पडत नाही.

मत्तयाच्या 6 व्या अध्यायात प्रभू रानातल्या फुलांकडे लक्ष द्यायला सांगतो, ती कशी वाढतात ते पाहा म्हणतो. मला तर हा चित्रकलेचाच धडा वाटतो. मी तो शब्दशः घेतो. सदाफुलीचं एकेक फूल दोघा-दोघांत देतो (रुई देऊ नका, तिचा चीक डोळ्यात गेला तर त्रास होतो). आधी फूल झाकून ठेवायचं आणि सांगायचं, सदाफुली काढा. सगळी मुलं मध्ये एक गोल आणि भोवती भरपूर गोल पाकळ्या काढतात. मग फूल उघडायचं. "पाकळ्या किती?" पाच. "सारख्या आहेत का?" इथे शांतता पसरते. नीट पाहिलं की कळतं, प्रत्येक पाकळी एका अंगाला किंचित कललेली आहे, तिची एक कड सरळ आणि दुसरी फुगीर आहे, मध्यभागी गडद ठिपका आणि त्यात बारीकसं छिद्र. मग दुसरा कागद. या वेळी पेन्सिल हळू चालते, कारण डोळा दर क्षणाला फुलाकडे जातो. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मुलाला स्वतःलाच फरक दिसतो. मी एवढंच म्हणतो, की पहिलं तू मनाने काढलंस आणि दुसरं खरं काढलंस. विश्वासूपणाचा दिवस असेल तर हा धडा त्या दिवशी घ्या. समोर आहे तेच लिहायचं, वाढवून नाही आणि घटवून नाही, हे बोटांना कळलं की जिभेलाही कळायला सोपं जातं.

सहनशीलतेला पोस्टर कलर घ्या. पहिला थर ओला असताना दुसरा दिला की चिखल होतो. तुम्ही कितीही सांगा, घाई करणारा चिखल करणारच. करू द्या. त्याला दुसरा कागद द्या आणि म्हणा, आता वाळेपर्यंत वचन पाठ कर. मेच्या उन्हात आपल्याकडे थर वाळायला फार वेळ लागत नाही. थांबायचं काम आणि पाठांतर एकाच वेळात बसतं आणि ते वचन त्या थांबण्याशी जोडलं जातं. ब्रश कमी आहेत म्हणालात, ती अडचण समजू नका. चौघांत दोन ब्रश आणि पाण्याचा एक मग द्या. ममतेचा पाठ तिथेच होईल, नाही तर भांडण होईल आणि भांडणावर बोलता येईल. तुम्ही फक्त जवळ राहा.

गोष्ट सांगून चित्र काढायचं असेल तर माझी सगळ्यात आवडती गोष्ट जक्कयाची, लूकचा 19 वा अध्याय. जक्कय हा बुटका जकातदार, गर्दीत प्रभू दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढला. ही मोठ्या मुलांना द्या, नऊच्या पुढच्या. या वयाची मुलं माणसं कशी काढतात पाहिलंय ना? सगळी एका रेघेवर, शेजारी-शेजारी, पूर्ण हातापायांसकट, कोणी कोणाला झाकत नाही. गर्दी काढा म्हटलं की दहा माणसं रांगेत उभी. आणि जक्कयाची सगळी अडचणच ही, की पुढची माणसं त्याला झाकत होती. मग मी चार-पाच मुलांना वर्गात पुढे-मागे उभं करतो आणि वर्गातल्या सगळ्यात बुटक्याला त्यांच्या मागे. त्याला विचारतो, मी दिसतो का? नाही. बाकीच्यांना विचारतो, तो दिसतो का? केस दिसतात, एक कोपर दिसतं. मग त्याला बाकावर चढवतो. वर्ग हसतो, पण डोळे उघडलेले असतात. आता कागदावर आधी पुढचा माणूस पूर्ण काढायचा, मग मागचा. मागच्याची रेघ पुढच्याला लागली की तिथे थांबायचं, आत शिरायचं नाही. एकदा हे जमलं की पाठीमागे फक्त डोकी, पागोटी, पदर काढत गर्दी करता येते. आणि उंबराचं झाड तर आपल्या गावागावात आहे, बुंध्याला लगडलेली फळं मुलांनी पाहिलेली असतात, ती ते आवर्जून काढतात.

चित्र चालू असताना मी गोष्टीचा उरलेला भाग सांगतो. एवढ्या गर्दीत प्रभूने वर पाहिलं आणि नाव घेऊन हाक मारली. जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देईन म्हटलं आणि ज्याचं फसवून घेतलं असेल त्याला चौपट परत देईन म्हटलं. पुढे एक मुलगी तिच्या गर्दीतल्या एका माणसाच्या हातात रिकामी पिशवी देत होती. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "याचे पैसे जक्कयाने घेतलेत, तो परत घ्यायला आलाय." मी तिला काहीच शिकवलं नाही, गोष्टीत आत शिरून तिने ते शोधलं.

लहानांना यातलं झाकाझाकीचं काही सांगू नका. त्यांचा जक्कय झाडापेक्षा मोठा येईल. त्यांच्या दृष्टीने गोष्टीत तोच महत्त्वाचा आहे, म्हणून मोठा. ते वयाला धरून आहे, दुरुस्त करायला जाऊ नका.

आणि एक विनंती आहे, ती हात जोडून करतो. मुलाच्या कागदावर तुमची पेन्सिल लावू नका. दाखवायचं असेल तर फळ्यावर किंवा तुमच्या कागदावर काढून दाखवा. त्याच्या चित्रावर मोठ्या माणसाची एक सफाईदार रेघ आली की ते चित्र त्याचं राहत नाही. सौम्यता आपल्याकडूनही अपेक्षित आहेच.

वसईची आई

नमस्कार ताई, आणि सर, तुमचं जक्कयाचं वाचून आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी उतरवून घेतलंय.

आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्याकडे मुलांची हस्तकला सणांच्या अंगाने येते. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या) पात्यांचे क्रूस विणायचे, नाताळात गोठा करायचा. गोठ्याला मुलं बाहेरून काहीही विकत आणणार नाहीत असा आमच्या आळीचा नियम आहे. माती, पेंढा, जुनी खोकी, काथ्या. शेण सारवलेली जमीन दाखवायला भुशात रंग कालवतात. मोठी मुलं लहानांना धरून काम करतात, त्यामुळे गोठा अर्धा झाला तरी भांडणं बरीच कमी झालेली असतात.

माझं सांगायचं दुसरंच आहे. हल्ली सुट्टीच्या वर्गात वारलीतला येशूजन्म काढायची फॅशन आली आहे. गेरूच्या रंगाचा कागद, पांढरा रंग, त्रिकोणांची माणसं. दिसतं छान, सोपंही आहे. पण आमच्या पालघर जिल्ह्यात वारली लोक आमचे शेजारी आहेत, म्हणून लिहिते. त्यांच्या घरात लग्नाचा चौक लिहिला जातो तो तांदळाच्या पिठाने, सवासिनींच्या हातून. धवलेरी (लग्नविधीची गाणी गाणारी) गाते आणि त्या चौकाच्या मधोमध पालघट देवी असते. तो त्यांच्या पूजेचा भाग आहे. त्या चौकात देवीच्या जागी बाळ येशू बसवलेलं चित्र मी एका फलकावर पाहिलं आणि मला वाईट वाटलं. आमच्या वेदीवरचं चित्र कोणी असं बदललं असतं तर?

वारली शिकवू नका असं माझं म्हणणं नाही. जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं दाखवा, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, मुलांना ते कौतुकाने सांगा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस कसा उभा राहतो, कमरेपाशी थोडा कललेला असला की तो चालायला कसा लागतो, हे शिकवा. भाताची लावणी काढा, बाजार काढा. ही कला कोणाची आहे ते आधी सांगा आणि त्यांचा चौक त्यांच्यापाशी राहू द्या. शेजाऱ्यावर प्रीती करायला शिकवतोय ना आपण?

पिंपरीहून

सलाम. ज्या घरातून चेहरा काढू नका असा निरोप आलाय, त्यांच्या बाजूने लिहितो, कारण आमचीही सहभागिता (विश्वासणाऱ्यांचा गट) तशीच आहे. निर्गमच्या 20 व्या अध्यायातली मूर्ती करू नका ही आज्ञा आम्ही मनापासून पाळतो. प्रभूचं चित्र घरात लावत नाही. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. एका सुट्टीच्या वर्गात तिने येशूचा चेहरा काढला नाही म्हणून तिला पुढे बोलावून विचारण्यात आलं. ती घरी येऊन रडली. ताई, तुम्ही आधीच विचार करताय याबद्दल आभार. पण खरं विचारतो, मूर्तीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी येशूचं चित्र काढून मुलांना काय मिळतं? सगळी मुलं तोच गुलाबी चेहरा आणि सोनेरी केस काढतात.

खडूफळा

पिंपरीच्या भाऊ, तुमच्या मुलीला जे झालं ते व्हायला नको होतं. मुलाला घरच्या विश्वासावरून वर्गापुढे उभं करणं हे कुठल्याही शिक्षणात बसत नाही.

तुमच्या घरासारख्या मुलांसाठी वेगळं काही करायला लागत नाही. जक्कयाच्या चित्रात प्रभू न काढताही गोष्ट पूर्ण येते. झाडावरचा माणूस खाली कोणाकडे तरी बघतोय, गर्दी त्याच दिशेला तोंड करून आहे, बस्स. योहानाच्या 6 व्या अध्यायातला मुलगा घ्या. त्याच्याजवळच्या जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या, ज्यांतून प्रभूने मोठ्या जमावाला जेवू घातलं. मी घरून खरी भाकरी आणतो आणि बाजारातून मासे. भाकरी काढायला किती कठीण आहे हे काढल्याशिवाय कळत नाही. कडेला भेगा, वरचा पापुद्रा फुगून फाटलेला, करपलेले डाग कुठे दाट कुठे विरळ. "भाकरीचा रंग" म्हणून कुठलीच बाटली मिळत नाही, पांढऱ्यात पिवळी माती आणि चिमूटभर तपकिरी मिसळून तो करावा लागतो. तास संपला की ती भाकरी मोडून सगळ्यांत वाटायची, काढलेली वस्तू फेकायची नाही.

आणि आज्ञा मानणाऱ्यांना मी आणखी एक ठिकाण दाखवतो. त्याच निर्गमात, 28 व्या अध्यायात, याजकाच्या झग्याच्या घेराला निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताची डाळिंबं लावायला सांगितलंय, मधे-मधे सोन्याची घुंगरं. आणि 31 व्या अध्यायात देव बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरतो, ते सोनं-रुपं, लाकूड, रत्नं घडवण्याच्या कारागिरीसाठी. चित्रकलेच्या वर्गाला पहिल्याच दिवशी बसालेलाची गोष्ट सांगा ताई. हाताचं कसब हे देवाचं देणं आहे, हे मुलाला बायबलातूनच कळू द्या. डाळिंब तर आपल्या जिल्ह्यातलं पीक. एक अख्खं, एक फोडलेलं ठेवा. दाण्यांच्या मधला पांढरट पडदा पाहताना मोठी मुलंसुद्धा गप्प होतात.

गुलाबी चेहऱ्याचं तुम्ही बरोबर बोललात. ज्या मंडळीत प्रभूचं चित्र चालतं, तिथे मुलांना चित्रकार आंजेलो द फोन्सेका दाखवायला हवेत. जन्म 1902, गोव्यातल्या सांतु इस्तेव्ह बेटावरचा. मुंबईत जे.जे.मध्ये शिकले, मग बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकुरांच्या हाताखाली. त्यांची मरिया साडी नेसलेली, आपल्या रंगाची, आपल्या आयाबायांसारखी बसलेली. गोव्यात त्या काळी हे अनेकांना खपलं नाही, टीका झाली. ते पुण्यात आले, ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिले आणि काढत राहिले, 1967 साली वारले तोवर. त्यांची बरीच चित्रं आता पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहेत. एवढा मोठा माणूस पुण्यात राहून काम करून गेला आणि आपल्या मराठी मंडळ्यांच्या भिंतींवर अजून परदेशी कॅलेंडरं लागतात, याचं मला मनापासून दुःख आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं तेव्हा आपण ते डोक्यावर घेतलं. मग रंगाच्या बाबतीत मागे का राहायचं?

वर्गात करायचं म्हणाल तर त्वचेचा रंग मिसळायचा तास घ्या. खोक्यात "स्किन" म्हणून जो गुलाबी खडू येतो तो बाजूला ठेवायचा. प्रत्येकाने तपकिरी, पिवळा, पांढरा, थोडा लाल मिसळून स्वतःच्या मनगटाशी जुळेल असा रंग करायचा, कागदाचा तुकडा मनगटाला लावून पाहायचा. मग ते कागद भिंतीवर शेजारी-शेजारी चिकटवायचे. किती छटा निघतात पाहा. देवाने आपल्याला घडवलंय हे वचन त्या भिंतीखाली लिहा.

शाळेतली बाई

उशिरा लिहितेय, पण वस्तीवरच्या मुलांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. मी मिशनच्या अनुदानित शाळेत आहे, वर्गात सगळ्या धर्मांची मुलं. आम्हाला राज्यघटनेचं कलम 28 नीट समजावून सांगितलेलं आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचं तर पालकांची संमती लागते.

तुमचा वर्ग शाळा नाही, मंडळीचा आहे. तरी ताई, पद्धत तीच ठेवा असं मी आग्रहाने सांगेन. "फुकट चित्रकला वर्ग" असा कागद वस्तीत वाटायचा आणि मूल आल्यावर वचन पाठ करायला लावायचं, हे करू नका. कागदावर स्वच्छ लिहा की इथे बायबलमधल्या गोष्टी सांगितल्या जातील, वचनं पाठ करून घेतली जातील आणि चित्रकला शिकवली जाईल. आईला ते वाचता येत नसेल तर घरी जाऊन तोंडी सांगा. ज्यांना फक्त चित्रकलेला पाठवायचं आहे त्यांना शेवटच्या तासाला येऊ द्या आणि त्या मुलांना भाकरी, डाळिंब, सदाफुली तितक्याच आपुलकीने शिकवा. आपण मुलांना चांगुलपणा आणि विश्वासूपणा शिकवणार, तर सुरुवात त्या कागदापासून व्हायला हवी. माझा अनुभव असा की स्पष्ट सांगितलं की आया निर्धास्त होतात आणि बहुतेक जणी पूर्ण वेळ पाठवतात. ज्या पाठवत नाहीत त्यांचंही नातं टिकतं.

आणि बक्षिसं देऊ नका. दिलीत तर सगळ्यांना एकच द्या, पेन्सिल नाही तर खोडरबर. प्रीतीवरच्या चित्राला पहिला नंबर आणि दुसरा नंबर कशाच्या आधाराने द्यायचा?

नेवासेकरीण

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल पाळकसाहेबांशी बोलले. झेरॉक्स बंद करायला ते लगेच तयार झाले. कमिटीतल्या एकांना वाटत होतं की शेवटच्या दिवशी पालकांना दाखवायला "काहीतरी छान" हवं. त्यांना मी सदाफुलीचे दोन कागद शेजारी लावून दाखवले, माझ्याच भाचीचे, परवा घरी करून घेतले होते. त्यांनी ते हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "हेच लावा."

पहिल्या दिवशी बसालेल. विश्वासूपणाला सदाफुली, सहनशीलतेला पोस्टर कलर, चांगुलपणाला जक्कय मोठ्यांसाठी आणि लहानांसाठी उंबराचं झाड. आनंदाला डाळिंब ठेवलंय. ज्यांच्या घरून निरोप आला होता त्यांना जाऊन भेटले, प्रभूचं चित्र कोणालाच काढायला सांगणार नाही हे कळल्यावर तेही खूश झाले. वस्तीवरच्या घरांत उद्यापासून जाणार आहे, बाई, तुम्ही सांगितलंत तसंच बोलेन.

इंद्रियदमनाला मात्र अडलेय. यिर्मयाच्या 18 व्या अध्यायातला कुंभार घ्यावा असं मनात आहे, मातीकाम. चाक नाही, मुलं हाताने करतील. माती कुठली घेऊ आणि तासाभरात काय जमेल?

खडूफळा

कुंभार उत्तम. शाडू घ्या. गणपतीच्या मूर्ती करणाऱ्यांकडे मे महिन्यात काम सुरू झालेलं असतं, त्यांच्याकडे मागा, आनंदाने देतील. आदल्या रात्री भिजवून गोणपाटाखाली ठेवा, सकाळी मळून घ्या. हाताला चिकटायची थांबली की तयार.

तासाभरात पणतीएवढी वाटी जमते. मुठीत मावेल एवढा गोळा, मध्ये अंगठा, आणि फिरवत-फिरवत भिंत चिमटीने पातळ करायची. इथेच तुमचं इंद्रियदमन आहे. सगळ्यांना भिंत पातळ करायचा मोह होतो, जरा जास्त दाबली की वाटी बसते. कुठे थांबायचं हे बोटांनी ठरवायचं. बसली तर फेकायची नाही. यिर्मयातल्या कुंभाराने बिघडलेल्या मातीचंच दुसरं भांडं केलं, तसंच तोच गोळा पुन्हा मळून पुन्हा करायचं. कान किंवा दांडा जोडायचा असेल तर दोन्हीकडे काडीने ओरखडे काढून पातळ चिखल लावून जोडा, नाही तर वाळल्यावर गळून पडतो. मुलांना नाव कोरायचं असेल तर बुडाखाली, माती ओली असतानाच.

वाळायला सावलीत ठेवा, दोन-तीन दिवस. उन्हात ठेवल्या तर तडे जातात. भाजलेल्या नसल्यामुळे पाणी घालायचं नाही, हे घरी नेताना पालकांना सांगा.

आणि शांतीच्या दिवशी काय घेताय ते कळवा, त्यासाठी माझ्याकडे एक निसर्गचित्राचा धडा आहे, सवडीने लिहितो.